डाव्या कुशीवर

ओख्याच्या गाडीत, पार्सलच्या डब्यात
समुद्र येतो आमचा.
निळी पिंपं, चाळीस-चाळीस लिटरची.
बडोद्याला गाडी टेकते न टेकते तोच उतरवायची.
हमाल विचारतो, "बेन, आमां शुं छे?"
मी म्हणते, खारं पाणी.
पाण्याचं भाडं भरणारी बाई
त्यानं पहिल्यांदाच पाहिली असावी.

प्रयोगशाळेत माझं काम घासण्याचं.
कालवांची जुनी कवचं घासायची, गच्चीवर वाळवायची,
जाळीच्या पिशव्यांत भरायची.
ती मिळतात कुठे पण?
चुनेवाल्या मन्सुरींच्या वखारीतून
भट्टीत जायच्या आत चार पोती मागून आणली.
म्हणाले, तीन पिढ्या हेच जाळतोय,
निम्म्या गावाच्या भिंतींत हेच आहे,
आणि तुम्ही परत पाण्यात टाकणार?

हो. परत पाण्यात.

कारण कालवाचं पिल्लू,
मोहरीसुद्धा त्याच्यापुढे भोपळा,
पंधरा-वीस दिवस नुसतं वाहवत असतं.
मग एक पाय फुटतो. डोळ्याचा एक काळा ठिपका.
तेवढ्या भांडवलावर जागा बघत हिंडतं.
काच दिली, नको.
फरशी दिली, बघू.
आपल्यातल्याच कुणा मेलेल्याचं कवच दिलं
की थबकतं,
डाव्या कुशीवर आडवं होतं,
चिकटतं.
पाय विरघळतो. डोळाही.

हेमांगिनी मॅडमनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं तेव्हा
मला पणजोबा आठवले.
साताऱ्याकडून पागेत आले, दोन वर्षांच्या बोलीनं.
परतीचे पैसे ट्रंकेत वेगळे ठेवले होते.
ट्रंक आहे अजून माझ्या खाटेखाली.
त्या नोटा कधीच बाद झाल्या.

मॅडम म्हणतात, शंभरातली पाच जगली तरी पुष्कळ.
बंदरात तेल आहे, गाळ आहे,
कालवांचा जुना थर तर कुणी आठवतही नाही.
मी पाचांवर हिशेब करत नाही.
मी घासते.

काल रात्री ओल्या गोणपाटात गुंडाळून
पिशव्या उलट्या गाडीला चढवल्या.
हमाल तोच. पिशवी हलवून कानाशी नेली त्यानं,
खुळखुळ ऐकली,
म्हणाला, खाली शिंपल्यांना तिकीट कशाला?
खाली नथी, म्हटलं.
आणि जरा जोरातच म्हटलं बहुतेक,
कारण पुढची पिशवी त्यानं
दोन्ही हातांनी ठेवली.