डॅशबोर्डातली बाई

बटण दाबलं की ती बोलते.
तीन हिवाळे झाले, एकच वाक्य,
शेवटाशी जरा वाकणारं,
दारात उभं राहून निरोप द्यावा तसं.
उलानबातरच्या अंगणात आई गाडीमागे दूध शिंपडायची,
ही पुढून काहीतरी म्हणायची,
आणि मी दोघींना मिळून एकच उत्तर द्यायचे :
हो गं बाई, जपून जाते.

गाडी जपानी बेटावरची, पाचव्या हाताची असेल.
आमचे रस्ते उजवीकडून चालतात
आणि हिचं स्टिअरिंगही उजवीकडे,
म्हणजे मी कायम गटाराच्या कडेला.
पुढच्या ट्रकला मागे टाकायचं
तर शेजारच्या गिऱ्हाइकाला विचारायचं, येतंय का कोणी समोरून?
एवढा भरवसा
मी नवऱ्यावरही टाकला नव्हता.

घड्याळ तासभर पुढे.
मागे आणलं तरी रात्रीतून पुन्हा पुढे पळतं,
कुणाची तरी सकाळची पाळी चुकेल अशा घाईनं.
रेडिओ नव्वदवर संपतो.
मला हवी ती गाणी एकशे दोनवर.
तिथवर काटा पोचतच नाही,
कुंपणाशी येऊन उभा राहतो आणि खरखरतो.
बाहेरची थंडी उणे तीसपर्यंत मोजता येते,
त्याखाली नुसत्या दोन आडव्या रेघा.
जानेवारीभर त्या रेघा मला सांगतात
की इतकं गार कुठे नसतं,
तुमचंच काहीतरी चुकतंय.

अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून
बटणांवर नेलपॉलिशचे ठिपके दिलेत.
लाल म्हणजे काच गरम करायचं.
गुलाबी कशाचं ते अजून कळलेलं नाही,
दाबलं की काहीच होत नाही,
तरी चढावर दाबते.

नादाम उरकून चार दिवस झाले होते.
बाजाराशी एक पोरगा बसला, दावासाम्बू नाव,
हातांवर वेल्डिंगचे डाग,
चार वर्षं तिकडच्या कारखान्यात काढून आलेला.
बाई बोलली तसा तो हसला.
काय म्हणते रे?
कार्ड घातलेलं नाही म्हणते.
कसलं कार्ड?
टोलचं.

एक सिग्नल गेला. दुसरा गेला.
आणि आज थोडं जास्त बोलली ती?
हो, आज सागर दिन आहे म्हणाली.

आम्ही दोघांनी काचेतून बाहेर पाहिलं.
धूळ. सिमेंटचा ट्रक. डोंगरापर्यंत गवत,
डोंगरापलीकडेही गवतच असणार.
आमच्या देशाला कुठल्याच बाजूने
भिजलेली कड नाही.
नकाशाच्या पडद्यावर मात्र माझा बाण
निळ्या-करड्या कोऱ्या जागेत तरंगत होता.

मग त्यानं, न विचारता, जुन्या ठिकाणांची यादी उघडली
आणि वाचत गेला, आधी गमतीनं :
आई. दवाखाना. आई. दवाखाना.
दवाखाना, दवाखाना, फुलांचं दुकान.
आवाज खाली आला त्याचा.
शेवटचं काय आहे?
जुन्या गाड्या घेतात ते दुकान.

उतरताना त्यानं सुटे परत घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी गोम्बोसुरेनकडे गेले.
पाच लाख तुग्रुकमध्ये अख्खा नवा पडदा बसवतो, म्हणाला,
आपल्या भाषेतला, आपल्या वेळेचा,
ही कटकट कायमची बंद.
त्याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर तयारच होता.
मी म्हटलं, रेडिओचं तेवढं बघ.
त्यानं काडेपेटीएवढी एक डबी जोडली,
आणि एकशे दोनवरचा माणूस
माझ्या गाडीत पहिल्यांदा खाकरला.

घड्याळाला हात लावू दिला नाही.
यादीलाही नाही.

आता काय म्हणते ते ठाऊक आहे.
सकाळी बटण दाबते, मागे दूध सांडतं,
ती आपली वाकून तेच सांगते,
आणि मी आरसा नीट करत म्हणते,
हो गं, घालते उद्या.