मागे किती?

त्रिमूर्ती चौकाच्या अलीकडे
कुंजुमोनच्या टपरीत कॉम्प्रेसर खोकतोय.
सकाळचे सव्वासहा, जानेवारी,
सीटवर दव.

"आधी हवा, मग चहा.
थंड टायर खरं सांगतो.
संध्याकाळी कंपनीतून तापून आलास
की काटा दोन-तीन जास्तीच दाखवणार."
वीस वर्षं झाली त्याला कोट्टायमहून येऊन.
नाशिकच्या थंडीला शिव्या अजून मल्याळममध्ये,
बाकी सगळं मराठीत.

पुढे पंचवीस.
ते विचारावं लागत नाही.
पुढच्या चाकाला फक्त मी असतो
आणि समोर येईल तो खड्डा.

"मागे किती?"

चेनकव्हरवरचा स्टिकर अर्धा उडालाय.
एकट्याला अठ्ठावीस, दोघांना बत्तीस.
त्यातलं 'दोघांना' तेवढं वाचता येतं.

अकरा वर्षं मी बत्तीस म्हणत आलो.
दगू आहेर, वजन ब्याऐंशी,
डबा धरून पंच्याऐंशी,
पवननगरच्या कोपऱ्यावर उभा असायचा
मफलरात नाक खुपसून.
तो बसला की शॉकअप एकदा हुंकार द्यायचा.
मग सातपूरपर्यंत
माझ्या उजव्या कानात कांद्याचा भाव,
मेहुण्याची कोर्टकेस,
आणि "गतिरोधक!"
मला दिसत असला तरी.

दिवाळीनंतर लाइन चाकणला हलली.
मशिनं क्रेननं गेली, दगू एसटीनं.
मी इथंच, गेजरूममध्ये.
केसाच्या जाडीचा दहावा हिस्सा
इकडचा तिकडे झाला
की माल परत पाठवतो.

आणि टायरात बत्तीसच भरत राहिलो.
गाडी मागून उडायची.
मला वाटलं, रस्ताच बिघडलाय,
कुंभमेळ्याची खोदकामं,
काय बोलणार.

कुंजुमोन चाक फिरवतो, अंगठ्यानं रबर चाचपतो.
"कडेची नक्षी शाबूत. मधोमध गुळगुळीत."
मग वर न बघता,
"हल्ली एकटाच फिरतोस ना?"

मी त्याच्या गेजकडे बघतो.
काच तडकलेली, काटा शून्यावर येतच नाही.
माझ्या टेबलावर आलं असतं
तर लाल पट्टी लावून कपाटात टाकलं असतं.

"अठ्ठावीस कर."

तो खिळ्यानं व्हॉल्व्हची पिन दाबतो.
हवा सुटते, गार,
रबराचा वास असलेली,
केव्हा भरलेली कोण जाणे.
चार पौंड.
हे कुणाचं वजन नव्हे,
एवढं मला कळतं, कामच आहे माझं.
तरी ती संपेपर्यंत
आम्ही दोघं गप्प उभे राहतो.

टोपी घट्ट. दहा रुपये.
पवननगरचा गतिरोधक
गाडी अलगद उतरते,
इतकी, की ब्रेक उगाच दाबतो.

रात्री दगूला फोनवर सांगितलं,
मागची अठ्ठावीस केली.
तिकडे कुकरची शिट्टी झाली.
जरा वेळानं म्हणाला,
"अन् पुढे?"

पुढे काय,
पंचवीसच.