पाव गुंज

मागच्या फेब्रुवारीत सौनाच्या पायरीवर तू घसरलीस, लेम्पी,
आणि उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं.
डॉक्टरने स्क्रू घातले. मोजून सात.
"विणकाम चालेल," तो म्हणाला.
"आणि रिव्हॉल्व्हर?" तू विचारलंस.
तो माझ्याकडे बघत राहिला.
तांब्याच्या खाणीत सदतीस वर्षं काढलेला माणूस
अशा वेळी स्वतःच्या बुटांकडे बघतो.

तेव्हापासून शेडमध्ये बसतोय.
बाहेर लेक सुपीरियरवरून हिम आडवं येतं,
आत लोखंडी भांड्यात शिसं वितळतं:
ट्रकच्या चाकांची जुनी वजनं,
एइनोच्या जाळ्यातले मणी,
चिमूटभर कथील.
दार घट्ट लावून घेतो. टोपीवरचा एक थेंब जरी
भांड्यात पडला, तर छपरापर्यंत उडेल सगळं.

साचा थंड असला की गोळी सुरकुतते, माझ्या हातासारखी.
ती परत भांड्यात.
साचा फार तापला तर अंगावर दंव पडल्यागत दिसते.
ते चालतं. दंवाचं इथे कुणाला काय.

मग खोबणीत मधमाशांचं मेण,
आणि शेडला नाताळच्या आदल्या रात्रीचा वास.

घरात दारू नको, हा तुझ्या आईचा कायदा.
ही दारू तिच्या कायद्यात बसली नव्हती:
राखाडी, कोरडी, पापुद्र्या-पापुद्र्यांची,
सोनाराच्या तोलाने मोजायची,
श्वास रोखून,
कारण श्वासालाही वजन असतं.

पुस्तकात सगळ्यात हलका बार दिलाय, मी तिथवर उतरलो.
तू चार झाडल्यास, पाचवीला ओठ चावलास.
"बरंय," म्हणालीस.
सत्तेचाळीस वर्षांत तुझ्या "बरंय"चे
नऊ अर्थ मी शिकलो. हा सातवा होता.
म्हणून पुस्तकाच्या खाली गेलो.
पाव गुंज.
मग, तुला न सांगता, आणखी पाव.

रविवारी वाळूच्या खड्ड्याशी, कॉफीच्या डब्याचं झाकण टांगून,
पहिली गेली. दुसरी गेली, जराशी पेंगत.
तिसरी
फुस्स.

दुसऱ्या कुणी पुन्हा चाप ओढला असता.
तू बोट काढून घेतलंस,
नळी वाळूकडे धरून थांबलीस. मनातल्या मनात तीस मोजलेस.
मग काडतुसं मोज्यात ओतून घेतलीस, चक्र उघडं ठेवलंस,
मागून उजेड बघितलास.
उजेड नव्हता.
"आर्ने, गोळी आतच आहे."

शेडमध्ये तू धरलंस, मी ठोकलं.
पितळी सळई, लाकडी हातोडी, ठक, ठक,
आणि ती टेबलावर पडली:
कुठेही न गेलेली, कुठेही न चेपलेली,
अंगावर फक्त नळीच्या पिळाचे वळ.
तू ती तळव्यावर घेऊन बराच वेळ पाहिलीस.
"मला लागू नये म्हणून," म्हणालीस,
"तू बाहेरच पडू देईनास."

मी म्हणालो, हो, चूक झाली, बार फुसका निघाला.
तू म्हणालीस, मी बाराबद्दल बोलत नाहीये.

लाकडं मी आणतो. गाडी मी चालवतो.
सौनाच्या पायरीवर वाळू, वाळूवर गोणपाट,
गोणपाटावर मी, हात पुढे करून उभा.

वहीतल्या शेवटच्या दोन ओळी खोडल्या.
पाव गुंज वर. आणखी पाव.
आणि आणखी एक, तू सांगितलीस म्हणून.
मनगट उडालं तुझं. तू फिनिशमध्ये असं काही बोललीस
की तुझ्या आईने कानावर हात ठेवले असते.
झाकण मात्र हललं नाही.
सहावीला हललं.

अडकलेली ती गोळी मी भांड्यात टाकली.
क्षणभर तरंगली, मग नुसतं शिसं.
शिसं काही मनात धरत नाही.

आज सकाळी टोपली घेऊन
तू लाकडांसाठी निघालीस.
मी उठलो.
मग बसलो.