वाढीव खोली

शरयूताई कायमची परत आली फेब्रुवारीत.
नानांनी काही विचारलं नाही,
गच्चीवर विटा चढवल्या.
वर पत्रा, पश्चिमेला दार,
एकशे दहा चौरस फूट.
नकाशात नसलेली खोली.

फेब्रुवारीत ती छान होती.

एप्रिलअखेर, लाइट गेली तर असावी म्हणून ठेवलेली मेणबत्ती
कोनाड्यात कमरेतून वाकली.
ताई म्हणाली, चला, कुणीतरी वाकलं.

मग आम्ही सगळं केलं.
पत्र्याला चुना, त्यात डिंक,
दोन हात, कडांना तिसरा.
दालबाजारातून पोती आणून भिजवून अंथरली,
तासाभरात ती पापडासारखी कडक.
गिलकीचा वेल सोडला
(पुण्याची मावशी त्याला घोसाळी म्हणते),
तो काही पाऊस पडल्याशिवाय वर चढेना.
शेवटी कूलर. दार अडवून बसलेला,
बाजूंना ठासून वाळा, पोटात सात बादल्या.
खोली गार नाही झाली, ओली झाली.
चादरी सादळल्या,
ट्रंकेतल्या साड्यांना वास लागला,
लग्नातल्या शालूला सगळ्यात आधी.

रज्जन मिस्त्री आला,
तंबाखू मळत भिंतीकडे बघत राहिला.
"आत भरताय नुसती. तिला जायला वाट कुठंय?
कोंडलेली हवा कुणाला गार करणार, भाईसाब?
पूर्वेला खिडकी फोडा."

पूर्वेला कुशवाहांची गच्ची.
वाळत घातलेल्या मुगवड्या, चार सुना,
आणि त्या सुनांना असलेले कान.
नाना म्हणाले, बघू.

बघू बघू म्हणता पारा पंचेचाळीस.
रात्री दोनलासुद्धा किल्ल्याचा खडक
दिवसभराचं ऊन परत करत होता,
व्याजासकट.

सोळा मेच्या दुपारी वर ठोकण्याचा आवाज.
जाऊन बघतो तर ताईच्या हातात छिन्नी,
केसांत विटेची भुकटी,
आणि तिचं डगमगतं स्टूल
दोन्ही हातांनी धरून नाना,
तोंड दुसरीकडे.

त्या रात्री पाती फिरली,
वाळ्याचा वास खोलीत आला
आणि थांबला नाही,
भोकातून पलीकडे निघून गेला.
साडेदहाला त्याच वाटेनं
कुशवाहांच्या धाकट्या सुनेचा आवाज:
"दीदी, वास तुमच्याकडून येतोय ना?
छान आहे.
आणि थोडा बर्फ असेल का हो?"

ताईनं विटांच्या कच्च्या कडेवर ट्रे आपटला.

चौकट अजून बसवायची आहे.
नाना म्हणतात, बघू.