चोवीस कोंपास गप्प

खाण बंद पडली त्या वर्षी
कुडचड्याच्या वळणावर एकोणतीस ट्रक उभे होते,
त्यातला अकरावा माझा.
टायरांच्या सावलीत कोंबड्या बसायच्या.
हप्ता थकला की बँकेचा पोरगा यायचा,
तोही सावलीतच बसायचा.

सीटमागे बासरी सापडली.
जांबावलीच्या गुलालात घेतलेली, प्रीतेशसाठी,
एका भोकाच्या कडेला रंग अजून तसाच.
प्रीतेशला शाळेनं रेकॉर्डर दिला होता,
पांढरा, प्लॅस्टिकचा, धुवून वाळत घालता येणारा.
बासरी त्याला गावठी वाटली.
मग ती माझी झाली.

मला एकच गाणं हवं होतं.
जुन्या सिनेमातलं. कॅसेट ट्रकातच होती.
खाण ते धक्का, धक्का ते खाण,
दिवसाला चार खेपा, आणि प्रत्येक खेपेला ती बाई.
पहिल्या कडव्यापाशी एकदा टेप गुंडाळली,
पेन्सिल घालून मी ती सरळ केली,
तेव्हापासून त्या जागी आवाज जरासा लंगडतो.
मी तो लंगडेपणासुद्धा शिकलो.
मला वाटायचं, चालच तशी आहे.

सुरुवातीला नुसता वारा.
पाच दिवस वारा, सहाव्या दिवशी थुंकी,
आठव्या दिवशी एक सूर आला
तो नेमका पदेराच्या भोंप्याबरोबर.
पदेर थांबला, पाव दाखवून म्हणाला, किती देऊ?

कापेलामागचा इनास मेस्त काठी टेकत आला.
म्हणाला, तुझा मि बेमोल चढतो.
मी म्हणालो, कोमल गंधार.
म्हणाला, नाव काय हवं ते ठेव, चढतो.
भोक अर्धं झाक. अर्ध्याहून पोहाभर जास्त.
नख नको रे, मांस लाव.

मी लावलं.
गंधार खाली उतरला, जसा भरलेला ट्रक
पुलावर हळू घेतो.

मेस्त मडगार्डवर बसला आणि सहज म्हणाला,
हे गाणं मी वाजवलंय.
मुंबईत. फ्लूटांच्या दुसऱ्या खुर्चीत.
मी बासरी त्याच्या हातात दिली, मग शिकवा ना चाल.
म्हणाला, चाल मला कुठं येते?
माझ्या कागदावर लिहिलं होतं
चोवीस कोंपास गप्प.
मग चार सूर. मग परत गप्प.
बाई काचेपलीकडे गायची, मी मोजायचो.
एक चुकला की साठ माणसं पुन्हा पहिल्यापासून.
कोण ऐकतो गाणं अशा वेळी?

त्यानं बासरी परत केली.
दात बदलल्यापासून फुंक गळते, म्हणाला.

त्यानंतर संध्याकाळी तिघं.
प्रीतेश कंटाळून का होईना, बोनेटला टेकून रेकॉर्डरवर.
त्याच्या नळीत मींड येत नाही, पायऱ्या येतात.
माझ्या नळीत उतरण येते
पण खाली मला ब्रेक लागत नाही.
मेस्त मांडीवर बोटं आपटत,
सतरा, अठरा,
लंगडणाऱ्या जागी दर वेळी कपाळाला आठी,
इथं असा खड्डा नव्हता रे.
मी म्हणायचो, माझ्याकडे आहे.

एका शनिवारी मुखडा अख्खा आला.
कसा, ते विचारू नका, पुन्हा तसा आलेला नाही.
मी श्वास तोडला आणि मेस्तानं,
तेवीस, चोवीस,
दात काढून खिशात टाकले
आणि शीळ घातली. चार सूर.
बारीक, ओलसर, बरोब्बर त्या फटीत बसणारे.
बारा वर्षं मी ते सूर ऐकत होतो,
त्यांना कुणीतरी वाजवतं हे मनात आलं नव्हतं.

कोंबड्या उठल्या. प्रीतेशनं रेकॉर्डर झटकला,
थेंब पत्र्यावर पडले.
मेस्त दात बसवत म्हणाला,
बरं झालं. आता सांग,
ती बाई म्हणत काय होती?

मी तोंड उघडलं.
गंधार आठवला, अर्धं भोक आठवलं,
पोहाभर जास्त आठवलं.
शब्द एकही नाही.