रक्त साकळेपर्यंत

वाघोलीत सकाळी सव्वासहाला
तिमण्णा विटकरांचा उजवा हात माझ्या उशीवर.
यांची शीर शोधावी लागत नाही,
सुंभासारखी वर येऊन बसलेली.
चार नळ्या. दोन लाल बुचांच्या, एक पिवळ्या, एक जांभळ्या.
"च्या बी घेतला न्हाई बगा, तुमच्यापायी."

लाल बुचाची नळी अर्धा तास उभी ठेवायची असते.
रक्त साकळतं, खाली बसतं,
वर पिवळसर उरतं ते आम्हाला हवं.
घाईत फिरवली की सगळं फुकट.
म्हणून मी घरोघरी अर्ध्या तासाची पाहुणी,
नऱ्ह्यात, येरवड्यात, पर्वतीच्या पायथ्याशी,
आणि लोक डॉक्टरांना न सांगितलेलं
मला सांगतात.

"फोटू तर काढला की मशिनीत.
चारशे बारा आकडा आला. मग रगात कशाला?"

मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं.
सगळ्यांना मशिनीत घालणं परवडत नाही,
रक्तातच काही खूण सापडते का, मॅडम बघतायत.
दोनशे जण. तुमचा नंबर एकशे सतरा.
एक चरबीचा कण, तो आईबापाकडून येतो.
एक सूज सांगणारा.
आणि एक प्रथिन, त्याचं कामच हे की चुन्यानं
हाडं सोडून दुसरीकडे घर करू नये.

नागूबाई कप ठेवता ठेवता म्हणाली,
"जल्मभर मुकादमांनी ह्यांला चुना लावला,
आता सोताच सोताच्या काळजाला लावून बसलेत."
तिघंही हसलो. ते जरा उशिरा हसले.

मग बराच वेळ काही नाही.
नळीत लाल दाट होत होतं.

"चाळीस वर्सं खाणीत. ते टावर हायती न्हवं, तितं.
काळा दगूड, पोलादावानी.
पन मदीच पोकळी लागायची,
आन् आत पांढऱ्या सुयाच सुया, काचंच्या.
येपारी यायचे त्येच्यासाटी, फडक्यात गुंडाळून न्यायचे.
बा म्हनायचा, आदी कळतं.
दगूड पाझरतो, त्या पान्याला जीब लावायची.
तुरट लागलं तर फुडं हातभरावर पोकळी.
म्या कदी चाखलं न्हाई. म्या घनच मारला.
बाचं पाच येळा खरं निघालं, चार येळा खोटं."

पाचाला चार.
मॅडमच्या लॅपटॉपवरचे ठिपके
आजवर याहून फार बरं बोललेले नाहीत.
हे मी माझ्याशीच ठेवलं.

फॉर्मची मागची बाजू राहिली होती.
वडिलांना हृदयविकार: होय, नाही, माहीत नाही.
"बा? सुरुंगाची शिट्टी झाली, समदे पळाले.
त्यो बसूनच ऱ्हायला.
आमाला वाटलं, ऐकू गेलं न्हाई.
सुरुंग उडलाच न्हाई त्या दिशी. तरी बी उठला न्हाई."
मी 'माहीत नाही'वर खूण केली होती.
खोडली.
'होय'वरही पेन टेकलं नाही.
रकाना तसाच राहिला, मधोमध शाईचा ठिपका.

अर्धा तास झाला.
त्यांनी नळी मागितली, खिडकीपाशी नेली,
उजेडात धरून नखानं दोनदा वाजवली
आणि कान जवळ नेला.
असं करायचं नसतं. मी करू दिलं.

"कळलं की सांगाल न्हवं?"

संमतीपत्रात कलम सात आहे,
वैयक्तिक निकाल कळवले जाणार नाहीत.
मागच्या मंगळवारी मीच ते मोठ्यानं वाचलं होतं,
त्यांनी मान हलवली होती, सही केली होती,
सहीतला 'ट' अजून डोळ्यांसमोर आहे.

"हो," मी म्हणाले.

खराडीपर्यंत सगळे गतिरोधक
स्कूटर पायांनी ढकलत पार केले.
मागच्या पेटीत, बर्फात,
एकशे सतरा उभा होता.