खड्ड्यावरचं टेबल

मेल आला: सोमवारपासून सगळे ऑफिसात.
खाली कुणाचं नाव नाही.
मीही काय बोलणार, आडनावच निनावे.

गोळीबार चौकातून अग्रसेन चौक पायी,
सीताबर्डीला गाडी बदलायची,
खापरीला उतरलं की मेट्रोचा गारवा
पायऱ्यांवरच सोडून द्यायचा
आणि सहा जणांच्या ऑटोत सातवं बसून
मिहानच्या फाटकापर्यंत
मे महिना तोंडावर घ्यायचा.
दुपट्टा, गॉगल, खिशात कांदा.
कांदा आईनं ठेवलेला.
गार्ड रोज विचारतो, हे काय?
मी रोज सांगतो, कांदा.

बोट टेकवलं की यंत्र म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.
घामानं बोट माझं राहत नाही.

मग एसीत स्वेटर घालून
कानात हेडफोन खुपसून
मी पुण्याच्या शाल्मलीशी बोलतो,
कोइमतूरच्या सेल्वमशी बोलतो.
दोन खुर्च्या सोडून बसलेली हेडाऊ
चॅटवर विचारते, जेवलास का?

माणसं भेटली की संस्कृती घडते,
असं मेलात होतं.

घरी माझं टेबल हातमागाच्या खड्ड्यावर आहे.
आबाजी त्यात कमरेइतके उतरून बसायचे,
पाय पावड्यांवर,
धोटा इकडून तिकडे,
हातभर विणलं की चहा.
किती वाजता बसलात, हे कुणी विचारलं नाही.
शनिवारी व्यापारी यायचा,
लुगड्याचा काठ बोटांनी चाचपायचा,
वीण विरळ लागली की पैसे कापायचा.
बेइमान होता, बाबा सांगतात.
पण बघायचा तर कापडच.

बाबा मिलमध्ये लागले.
भोंगा झाला की अख्खी गल्ली सायकलीवर.
मिल बंद पडली त्या वर्षी
त्यांनी खड्डा बुजवला,
विटांचे तुकडे, राख, मोडक्या फण्या,
वर कोबा.
दोन वर्षं माझे पाय त्यावर होते.
लांबलेल्या मीटिंगमध्ये टाच आपटली
की खाली काहीतरी पोकळ वाजायचं.

रात्री साडेआठ.
कूलरमध्ये पाणी बाबांनीच भरलेलं.
काय केलं बे आज?
गेलो, मी म्हणतो. आलो.
ते बराच वेळ पंख्याकडे बघतात.
धोटाही तेच करते, म्हणतात,
पण त्याच्यामागं सूत राह्यते.

मी खिशातला कांदा काढतो.
मऊ पडलाय.
उद्या दुसरा लागेल.